दीड तासात रविवारचा रोस्ट : ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी

भाजलेल्या मांसाचे काप, बाहेरून कुरकुरीत आणि आतून पिठूळ बटाटे, दोन-तीन भाज्या आणि या सगळ्यावर ओतलेली गरम ग्रेव्ही, असे रविवारचे ताट म्हणजे ब्रिटनमधला संडे रोस्ट. त्यालाच रोस्ट डिनर असेही म्हणतात, मात्र नावात डिनर असले तरी बहुतेक घरांत हे जेवण दुपारीच होते. सकाळी मांसाचा मोठा तुकडा भाजायला लावून कुटुंबाने चर्चला जावे आणि परत आल्यावर जेवायला बसावे, अशी ही पद्धत रुजल्याचे येथील लोक सांगतात. म्हणजे हा मुळात निवांतपणाचा, विस्तवावर सोपवून देण्याचा स्वयंपाक आहे. नोकरी, लहान मुले आणि भाड्याच्या घरातला अरुंद ओव्हन सांभाळणाऱ्या नवख्या माणसाला तो अवघड वाटतो, त्याचे कारणही हेच आहे.

पुढे दिलेली कृती चार माणसांसाठी आहे. ओव्हन पेटवल्यापासून ताटे वाढेपर्यंत तिला दीड तास लागतो, आणि नेहमीच्या रोस्टच्या मानाने तेल-चरबी बरीच कमी लागते. पदार्थ मात्र सगळे तेच आहेत, कारण बटाटे आणि ग्रेव्ही वगळून केलेल्या जेवणाला येथे कोणी रोस्ट म्हणत नाही.

येथे आल्यावर मी पहिला रोस्ट केला तो शेजाऱ्यांना जेवायला बोलावून. सव्वादोन किलोची अख्खी कोंबडी शीतकपाटातून काढली आणि तशीच ओव्हनमध्ये ठेवली. येथे रूढ असलेला हिशोब असा, की अख्ख्या कोंबडीला किलोमागे ४५ मिनिटे आणि वर २० मिनिटे द्यावीत. त्या हिशोबाने दोन तास होत होते, पण ओव्हन आधी तापवायचा असतो हे मला माहीत नव्हते. दोन तासांनी छातीचा भाग भाजला होता आणि मांडीच्या हाडापाशी मांस अजून गुलाबी होते. कोंबडी पुन्हा आत गेली, छाती कोरडी पडली, बटाटे गार झाले आणि पाहुणे साडेतीनपर्यंत थांबून राहिले. त्या दिवसापासून मी अख्खी कोंबडी अखंड भाजणे सोडून दिले. कोंबडीचा कणा काढून ती चपटी केली की वेळ निम्म्यावर येतो आणि मांडी व छाती एकाच वेळी तयार होतात. या लेखातली मुख्य युक्ती तीच आहे.

कोणते मांस घ्यावे

पारंपरिक रोस्ट गोमांसाचा, कोकराचा, डुकराचा किंवा कोंबडीचा असतो आणि प्रत्येकाबरोबरचे तोंडीलावणे ठरलेले असते. गोमांसाबरोबर हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळाचे सॉस, कोकराबरोबर पुदिन्याचे आंबटगोड सॉस आणि डुकराबरोबर सफरचंदाचे सॉस देतात. नवख्याने कोंबडीपासून सुरुवात करावी. ती स्वस्त असते, लवकर शिजते आणि तिची चरबी मुख्यतः कातडीत व कातडीखाली असल्यामुळे ज्याला नको असेल त्याला ती ताटात सहज बाजूला काढता येते.

जे गोमांस खात नाहीत त्यांनी बाहेर रोस्ट खाताना एक गोष्ट विचारून घ्यावी. पबमध्ये कोंबडी मागवली तरी तिच्याबरोबरचे बटाटे गोमांसाच्या चरबीत भाजलेले असू शकतात, आणि ग्रेव्हीही सर्व ताटांसाठी एकच, गोमांसाच्या रसाची असू शकते. विचारले तर सांगतात आणि यात संकोच वाटून घेण्यासारखे काही नाही. घरी रोस्ट करण्यामागे माझ्या दृष्टीने हे एक मोठे कारण आहे.

बाजारहाट

शक्यतो शनिवारी करावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ च्या कायद्याप्रमाणे मोठ्या दुकानांना रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेतले सलग सहा तासच उघडे राहता येते, आणि ईस्टरच्या रविवारी ती पूर्ण बंद असतात. सकाळी नऊ वाजता पिशवी घेऊन बंद दारापुढे उभे राहण्याची वेळ नव्याने आलेल्या पुष्कळांवर येते.

दीड किलोच्या आसपासची एक कोंबडी, एक किलो बटाटे, चार गाजरे, दोन पार्सनिप, दोन कांदे, एक लसणाचा गड्डा, एक लिंबू, थाइम किंवा रोजमेरी या सुगंधी पाल्याच्या चार काड्या, एक ब्रोकोली किंवा अर्धा सॅव्हॉय कोबी, गोठवलेले मटार, स्टॉकची, म्हणजे आटवलेल्या रश्श्याची, एक वडी आणि कॉर्नफ्लोअर एवढे सामान पुरते. पार्सनिप हे पांढरट गाजरासारखे दिसणारे कंद आहे. ते भाजल्यावर रताळ्याच्या जवळ जाणारी गोडी येते, त्यामुळे मराठी जिभेला ते लगेच आवडते. तेल कोणतेही साधे चालते. येथे व्हेजिटेबल ऑइल म्हणून मिळणारे तेल बहुधा रेपसीडचे असते आणि ते उच्च तापमानाला चांगले टिकते.

बटाट्यांची जात मात्र पाहून घ्यावी. पाकिटावर मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड असे नाव असेल तर ते बटाटे पिठूळ असतात आणि रोस्टला तेच लागतात. शार्लट किंवा न्यू पोटॅटो या नावाने विकले जाणारे गुळगुळीत, मेणचट बटाटे कोशिंबिरीला उत्तम, पण भाजल्यावर त्यांना कुरकुरीत कड येत नाही.

ओव्हन आणि वेळेचा हिशोब

रोस्टमध्ये चुकते ती चव फार क्वचित. चुकते ती वेळ. म्हणून जेवायची वेळ आधी ठरवावी आणि तिथून मागे मोजत यावे. दीड वाजता जेवायचे असेल तर बाराला ओव्हन पेटवावा, साडेबाराच्या आधी कोंबडी आत जावी, तिच्यापाठोपाठ बटाटे, त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी गाजर-पार्सनिप, आणि एकच्या पुढे काही मिनिटांनी कोंबडी बाहेर यावी, म्हणजे शेवटची पंधरा-वीस मिनिटे ग्रेव्ही व हिरव्या भाज्यांसाठी मोकळी राहतात. पहिल्या दोन-तीन वेळा हे वेळापत्रक कागदावर लिहून ओव्हनशेजारी चिकटवावे. मी आजही पाहुणे असतील तेव्हा लिहिते.

ओव्हन २२० अंशांवर तापवावा. पंखा असलेला ओव्हन असेल तर २०० अंश पुरतात, आणि गॅसचा असेल तर गॅस मार्क ७. जुन्या भाड्याच्या घरात आकडे पुसलेली चकती असते. तेथे पाच-सहा पौंडांत मिळणारे, जाळीला टांगायचे ओव्हन थर्मामीटर घेतले तर अंदाजाने वागावे लागत नाही. वरच्या जाळीवर बटाट्यांचा रिकामा ट्रे दोन चमचे तेल घालून ओव्हनबरोबरच तापत ठेवावा, कारण बटाटा गरम तेलात पडला तरच त्याला लगेच साल धरते.

आणखी एक दक्षता. ओव्हन आतून तेलकट असेल तर या तापमानाला धूर होतो आणि धुराची घंटा वाजते. तिच्यावर फडके बांधण्याऐवजी आदल्या दिवशी ओव्हन पुसून घ्यावा आणि स्वयंपाकाच्या वेळी खिडकी उघडी ठेवावी.

कोंबडी चपटी करणे

आपल्याकडे कोंबडी आणली की आधी नळाखाली धुण्याची सवय असते. येथे अन्नसुरक्षा खात्याचा सल्ला नेमका उलटा आहे आणि तो पटण्यासारखा आहे. कच्च्या कोंबडीवर कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू असू शकतात, धुताना उडणाऱ्या तुषारांबरोबर ते ओटा, भांडी आणि शेजारच्या कोशिंबिरीपर्यंत पोहोचतात, आणि भाजल्यावर ते तसेही मरतात. म्हणून कोंबडी धुऊ नये. ओलसर वाटली तर कागदी टॉवेलने टिपून घ्यावी आणि तो टॉवेल लगेच टाकून हात साबणाने धुवावेत.

कोंबडी छाती खाली व पाठ वर अशी पाटावर ठेवावी. शेपटीच्या टोकापासून मानेपर्यंत कण्याच्या एका बाजूने स्वयंपाकघरातल्या मजबूत कात्रीने कापत जावे. फासळ्या कटकट असा आवाज करीत तुटतात आणि मांडीच्या सांध्यापाशी थोडा जास्त जोर लागतो. मग कण्याच्या दुसऱ्या बाजूनेही तसेच कापावे, म्हणजे दोन बोटे रुंदीची पट्टी निघून हातात येते. ती टाकू नये, ग्रेव्हीसाठी ट्रेमध्येच ठेवावी. आता कोंबडी उलटून छाती वर करावी आणि दोन्ही तळव्यांनी छातीच्या मधल्या हाडावर दाब द्यावा. हाड मोडल्याचा एक आवाज येतो आणि कोंबडी पुस्तकासारखी उघडून सपाट बसते. पहिल्यांदा हे करताना हात कचरतो, पण सगळे काम पाच मिनिटांचे आहे. ज्याला नकोच असेल त्याने दुकानातून तयार चपटी केलेली कोंबडी आणावी, किंवा कातडी व हाडासकट आठ मांड्या घ्याव्यात. त्या चाळीस मिनिटांत होतात.

सपाट कोंबडीत मांड्या छातीच्या पातळीला येतात आणि उष्णता त्यांना थेट लागते. अखंड कोंबडीत त्या पोटाशी दुमडलेल्या राहतात, म्हणून छाती वाळेपर्यंत त्या कच्च्या राहतात. माझ्या पहिल्या दिवशी झाले ते हेच.

आता एका चमचा तेलात दीड चमचा मीठ, मिरपूड, लिंबाची किसलेली साल आणि थाइमची पाने मिसळून कोंबडीला सगळीकडून चोळावीत. कांद्यांच्या जाड चकत्या मोठ्या ट्रेमध्ये पसरून त्यांच्यावर कोंबडी ठेवावी, लसणाचा गड्डा आडवा कापून बाजूला ठेवावा आणि तळाशी अर्धी वाटी पाणी घालावे. कांद्यामुळे कोंबडी स्वतःच्या चरबीत बसत नाही, आणि पाण्यामुळे खाली गळलेला रस करपत नाही. ट्रे ओव्हनच्या मधल्या जाळीवर जाईल. कच्च्या कोंबडीचा ट्रे बटाट्यांच्या वर ठेवू नये, कारण रस सांडला तर खालच्या ट्रेमध्ये पडतो.

येथे एक मनापासूनची विनंती आहे. पहिल्या खेपेस गरम मसाला, हळद आणि आले-लसूण वाटण लावण्याचा मोह आवरावा. ती कोंबडीही चांगली होते, पण मग ग्रेव्ही मसाल्याची होते आणि मूळ चव कधी कळतच नाही. रोस्टची चव खरपूस भाजलेल्या पृष्ठभागात आणि ट्रेच्या तळाला धरलेल्या रसात असते, आणि ती मीठ-मिऱ्यावरच नीट उमगते.

बटाटे

कोंबडी तयार करीत असतानाच बटाटे उकळत असावेत. साले काढून बटाट्यांचे साधारण चार सेंटीमीटरचे तुकडे करावेत. पारंपरिक तुकडे याच्या दुप्पट असतात आणि हंसाच्या किंवा गोमांसाच्या चरबीत तासभर भाजतात. तुकडा लहान असला की वेळ वाचतो. त्याला कडा जास्त मिळत असल्यामुळे तेल मात्र मोजूनच घालावे लागते, आणि एक किलोला दोन ते अडीच मोठे चमचे पुरतात.

तुकडे थंड पाण्यात घालून मीठ टाकावे आणि उकळी फुटल्यानंतर सात-आठ मिनिटे शिजवावेत. सुरी कडेला सहज जावी पण मध्यापाशी अडावी, इतपतच. मग चाळणीत ओतून दोन मिनिटे तसेच ठेवावेत, म्हणजे वाफेबरोबर ओलावा निघून जातो. त्यानंतर चाळणी धरून बटाटे चार-पाच वेळा उसळावेत. त्यांच्या कडा भुगभुगीत होतात, जणू अंगाला रवा लागला आहे. हाच पिठूळ थर पुढे कुरकुरीत होतो, आणि ज्या घरात ही पायरी गाळतात तेथील बटाटे उकडलेल्या भाजीसारखे लागतात. तापलेल्या ट्रेमध्ये ते एकेरी थरात, एकमेकांना न चिकटता पसरावेत, एकदा तेलात फिरवावेत आणि सर्वांत वरच्या जाळीवर ४५ मिनिटे भाजावेत. अर्ध्या वेळेनंतर उलटावे. त्याआधी वारंवार हलवले तर कवच सुटून तळाला चिकटते.

बाकीच्या भाज्या

गाजर व पार्सनिपचे बोटाएवढे उभे तुकडे एक चमचा तेल व मिठात घोळवून कोंबडीच्या ट्रेमध्येच बाजूने टाकावेत. त्यांना तीस ते पस्तीस मिनिटे लागतात. हिरव्या भाज्या शेवटच्या क्षणी कराव्यात. ब्रोकोली चार-पाच मिनिटे वाफवावी, मटार तीन मिनिटे उकळावेत, कोबी बारीक चिरून अर्ध्या वाटी पाण्यात झाकण ठेवून तेवढाच वेळ शिजवावा व वर मिरपूड घालावी. जेवण हलके करायचे असेल तर अर्धे ताट या भाज्यांनी भरावे, पाव ताट बटाट्यांनी आणि उरलेले पाव कोंबडीने.

कोंबडी झाली हे कसे ओळखावे

दीड किलोच्या चपट्या कोंबडीला ४५ ते ५० मिनिटे लागतात. रंगावर विसंबू नये. मांसाचे थर्मामीटर मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकता खुपसावे आणि ७५ अंश दिसले की कोंबडी तयार झाली असे समजावे. थर्मामीटर नसेल तर त्याच जागी सुरी खुपसावी. निघणारा रस स्वच्छ असावा आणि मांस कोठेही गुलाबी नसावे. शंका असेल तर आणखी दहा मिनिटे द्यावीत, चपट्या कोंबडीला त्याने फारसे बिघडत नाही.

बाहेर काढलेली कोंबडी ताटलीत घेऊन पंधरा मिनिटे नुसती ठेवावी. घाईत लगेच कापली तर रस पाटावर वाहून जातो आणि तोंडात कोरडे तंतू येतात. झाकायची असेल तर फॉइल सैल ठेवावे, घट्ट गुंडाळले तर कातडी मऊ पडते. बटाटे व गाजरे अजून फिकट वाटत असतील तर या वेळात ती ओव्हनमध्येच राहू द्यावीत.

ग्रेव्ही

येथील घरांत तयार ग्रेव्हीच्या दाण्यांचा डबा असतोच. बिस्टो या प्रसिद्ध छापाची पूड १९०८ पासून मिळते, आणि आताच्या दाण्यांवर तर उकळते पाणी ओतून ढवळले की काम होते. तरीही पहिला रोस्ट करणाऱ्याने ट्रेमधली ग्रेव्ही एकदा करावीच, कारण तिला दहाच मिनिटे लागतात आणि तिच्याशिवाय कोंबडीची निम्मी चव ट्रेबरोबर घासणीत जाते.

गाजर-पार्सनिप ट्रेमधून काढून घ्यावेत. ट्रेचा एक कोपरा उचलून धरला की रस खाली जमतो आणि पिवळसर चरबी वर तरंगते. ती मोठ्या चमच्याने काढून एका जुन्या वाटीत घ्यावी, आणि थिजल्यावर कचऱ्यात टाकावी. मोरीत ओतली तर नळीत गोठून तुंबते. या एका कृतीने जेवणातली सर्वांत जास्त चरबी कमी होते. आता ट्रे धातूचा असेल तर तसाच शेगडीवर मंद आचेवर ठेवावा, नसेल तर त्यात थोडे उकळते पाणी घालून सगळे खरवडून पातेल्यात घ्यावे. दुधाच्या पातेल्याची खरवड ज्यांनी लहानपणी खाल्ली आहे त्यांना तळाला धरलेल्या त्या तपकिरी थराची किंमत सांगावी लागणार नाही. स्टॉकची वडी ४०० मिलीलीटर गरम पाण्यात विरघळवून ओतावी, लाकडी चमच्याने तळ खरवडत राहावे, भाजलेल्या लसणाच्या पाकळ्या दाबून त्यात घालाव्यात. एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे थंड पाण्यात कालवून हळूहळू सोडावे आणि दोन मिनिटे उकळू द्यावे. चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरला की ग्रेव्ही झाली. कण्याची पट्टी व कांदे गाळून काढावेत. चव बघूनच मीठ घालावे, वडीत ते आधीच भरपूर असते.

यॉर्कशायर पुडिंग

हे नावाने पुडिंग असले तरी गोड नसते. अठराव्या शतकात मांस भाजताना गळणारी चरबी धरण्यासाठी खाली पिठाच्या घोळाचे भांडे ठेवीत, आणि १७४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅना ग्लास यांच्या पाकपुस्तकात त्याला यॉर्कशायरचे नाव मिळाले. परंपरेने ते गोमांसाबरोबर असते, पण मुले कोंबडीबरोबरही मागतात. दोन अंडी ज्या कपात मावतील त्याच मापाने मैदा व दूध घ्यावे, चिमूटभर मीठ घालून गुठळ्या न ठेवता फेटावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. मफिनच्या साच्यात प्रत्येक खळग्यात अर्धा चहाचा चमचा तेल घालून ते धूर येण्याच्या बेतात तापवावे, घोळ अर्ध्यापर्यंत ओतावा आणि कोंबडी बाहेर आल्यावर २० मिनिटे ओव्हनमध्ये ठेवावे. मध्ये दार उघडले तर फुगलेली पुडिंगे बसतात. वेळ कमी असेल तर हे प्रकरण बिनदिक्कत गाळावे.

शाकाहारी ताट

शाकाहारी माणसाला नुसत्या भाज्या वाढून भागवू नये, त्याच्यासाठीही मध्यभागी काहीतरी भाजलेले हवे. फुलकोबीचे देठासकट दोन बोटे जाडीचे काप करावेत, दोन्ही बाजूंना तेल व मीठ लावून वेगळ्या ट्रेमध्ये २५ ते ३० मिनिटे भाजावेत आणि मध्ये एकदा उलटावेत. त्यांची ग्रेव्ही वेगळी करावी. दोन कांदे चांगले तपकिरी होईपर्यंत परतून त्यात भाजीच्या स्टॉकची वडी व अर्धा चमचा मार्माइट (यीस्टचा खारट, काळसर लगदा) घातले की रंग आणि खोली दोन्ही येतात. बटाटे तेलातलेच असल्यामुळे ते सर्वांना चालतात, मात्र वाढायचा चमचा वेगळा ठेवावा.

उरलेले

उरलेले मांस दोन तासांच्या आत झाकून शीतकपाटात ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे. पुन्हा गरम करताना ते वाफा येईपर्यंत, आतपर्यंत गरम करावे. बटाटे व कोबी उरले तर येथील रीतीने एकत्र कुस्करून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावेत. या पदार्थाला बबल अँड स्क्वीक म्हणतात आणि त्याच्यावर एक तळलेले अंडे ठेवले की सोमवारचा नाश्ता होतो. कोंबडीचा सांगाडा एका कांद्याबरोबर दीड लिटर पाण्यात दीड तास मंद उकळून गाळून घ्यावा. तो स्टॉक डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवावा, पुढच्या रविवारी ग्रेव्हीसाठी वडी लागणार नाही.